फुकटची बाग आणि एक जास्वंद

परवा शिकागोत माझं एका बाईशी भांडण झालं. म्हणजे हे भांडण आहे हे तिला कळलंही नसेल, कारण ती पूर्ण वेळ हसत होती आणि मी इंग्रजीत भांडायला लागले की उगाच जास्तच सभ्य होते, पण परत येताना ट्रेनमध्ये मनातल्या मनात मराठीत तिला जे काही ऐकवलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही. विषय काय, तर जास्वंदीचं एक फूल.

आई आलीये इकडे. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून जानेवारीत आणली, ही चूक माझीच. पुण्याच्या कर्वेनगरमधून उचलून थेट उणे बारामध्ये. पहिले चार दिवस बर्फाचे फोटो काढून मावश्यांच्या ग्रुपवर टाकून झाले, पाचव्या दिवसापासून खिडकीत बसून एकच, "ही झाडं मेलीत का गं सगळी?" शिकागोच्या शिक्क्यावर लॅटिनमध्ये 'बागेतलं शहर' असं लिहिलेलं आहे हे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं तर म्हणाली, "असेल बाग. खाली गाडलेली."

शेवटी निखिल म्हणाला हिला गारफील्ड पार्क कन्झर्व्हेटरीत घेऊन जा. मोठमोठी काचेची दालनं, आत झाडंच झाडं, बाहेर काहीही चालू असो आत ऊब. आणि तिकीट शून्य. "फुकट? मग आत काय गळ्यात मारतात?" हा आईचा पहिला प्रश्न. काही नाही गं, खरंच फुकट. फक्त जायची वेळ आधी ऑनलाइन बुक करायची असते, हे ऐकून ती हसायलाच लागली. फुकटासाठी आपल्याकडे रांग लागते, अपॉइंटमेंट नाही. मी मिळाला तो स्लॉट घेऊन टाकला, त्या दिवशी संकष्टी आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आईच्या अर्थातच होतं.

तर संकष्टीच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊन, आईला दोन स्वेटर, कोट, टोपी, मोजे असं पॅक करून आम्ही ओक पार्कहून ग्रीन लाइन पकडली. स्टेशनच्या नावातच कन्झर्व्हेटरी आहे त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि दोघींचे चष्मे एकदम पांढरे. आईने काढून पुसला, परत धुकं, परत पुसला, मग नाद सोडून हातात धरून तशीच उभी राहिली. जुलैत मुळशीला गाडीचं दार उघडल्यावर जो वास येतो ना, ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा, अगदी तोच. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मीही काही विचारलं नाही, कारण मला या शहरात येऊन सहा वर्षं झाली आणि मी हा वास विसरले होते हे मला तेव्हा कळलं.

इतिहास थोडक्यात सांगते कारण आईला तो दोनदा सांगून झालाय. 1908 साली उघडलं हे. जेन्स जेन्सन नावाचा डेन्मार्कहून आलेला माणूस, त्याने ही दालनं इकडच्या शेतातल्या गवताच्या गंजीसारखी दिसावीत अशी बांधून घेतली. बाहेरून बघितलं तर खरंच काचेच्या गंजी रचून ठेवल्यासारखं वाटतं. फर्न रूममध्ये एक छोटा धबधबा आहे, त्याची गोष्ट सांगतात की गवंड्याने तो बांधला की जेन्सन म्हणायचा, पाड, कारण पाणी डोंगरातल्यासारखं कोसळतंय आणि मला माळावरच्या ओढ्यासारखं झुळझुळ हवंय, असं बऱ्याचदा झालं म्हणे. आई म्हणाली, "त्या गवंड्याला रोज किती मिळायचा?" तिथेच सायकॅड आहेत, डायनोसॉर होते तेव्हापासूनची जात. त्यातल्या एका प्रकाराला इकडे सेगो पाम म्हणतात, ते ऐकून आईने पोटातल्या खिचडीच्या काळजीने विचारलं की आपला साबुदाणा याचाच का? नाही, आपला टॅपिओकाच्या कंदाचा. बरं वाटलं तिला.

मग ती वर काचेकडे बघून म्हणाली, "आणि गारा पडल्या तर?" पडल्यात. 30 जून 2011 ला अशा गारा पडल्या की बऱ्याच दालनांचं छप्पर फुटलं, फर्न रूमसकट, झाडांवर काचांचा पाऊस. सगळं परत नीट उभं करायला काही वर्षं गेली. आणि तरी तेव्हा दाराशी पाच डॉलरचंसुद्धा तिकीट लावलं नाही, दानपेटीत टाकायचे तर टाका. मला हे फारच भारी वाटलं, आणि असं काही भारी वाटलं की मला लगेच पुण्याची बाजू घ्यावीशी वाटते, म्हणून सांगते की एम्प्रेस गार्डनला तिकीट आहे पण ते कुणालाही परवडतं, आणि तिथल्या झाडांना जगायला काच लागत नाही, हीटर लागत नाही, ती आपली उभी आहेत. आपल्याला कन्झर्व्हेटरी लागतच नाही. शिकागोने आमच्या हवेची नक्कल करायला शंभर वर्षं काच पुसलीये असंही म्हणता येईल. निखिल म्हणतो की असं म्हणू नकोस.

अॅरॉइड हाउस म्हणजे तर आईचं माहेर निघालं. अॅरॉइड म्हणजे कोण, तर अळू आणि त्याचा सगळा गोतावळा. सुरण यातलाच. मनीप्लांट यातलाच, जो आपल्याकडे बाथरूमच्या खिडकीत बाटलीत पाच पानांवर वर्षानुवर्षं जगतो, त्याला इथे खोड आणि उंची मिळाल्यावर ताटाएवढी पानं आलीत. मध्ये पाणी, त्यात डेल चिहुली या काचेच्या कलाकाराने केलेली काचेची पिवळी कमळं, आई म्हणाली प्लॅस्टिक आहेत, मी काच म्हटलं तरी तिचा विश्वास नाही. तिचं लक्ष हत्तीच्या कानाएवढ्या पानांवर. एक जोडपं त्यांच्यापुढे उभं राहून सेल्फी घेत होतं. आई मला हळूच, "मोरीच्या पाण्यावर येतं आपल्याकडे. यांना सांग वडीचा अळू वेगळा, हा खाजेल." मी नाही सांगितलं.

आता जास्वंद. लाल, पाच पाकळ्यांची, आपली नेहमीची, चांगली डोक्यापर्यंत वाढलेली आणि फुलांनी भरलेली. मी शेजारची पाटी वाचत होते, पानं उन्हापासून साखर कशी बनवतात वगैरे, आणि वळले तर आईच्या तळहातावर एक फूल आणि समोर एक बाई. तिथली कर्मचारी नाही बरं का, आमच्यासारखीच फिरायला आलेली, लोकरीची टोपी, सत्तरीची असेल. गोड हसून म्हणाली की इथली फुलं इथेच राहू द्यायची असतात. आईला इंग्रजी तितकं येत नाही पण सूर कळला. "खाली पडलं होतं," आई मला म्हणाली. मी भाषांतर केलं. बाई आणखी गोड हसून म्हणाली, पडलेलंसुद्धा. आईने ते फूल झाडाच्या बुंध्याशी ठेवलं आणि हात पदराला पुसल्यासारखा कोटाला पुसला. बस, तेवढं बघून माझं डोकं फिरलं.

पडलेलं फूल! मी तिला सांगितलं की आज आमच्याकडे एका देवाचा उपास असतो, त्याला लाल फूल लागतं, आई रोज पूजा करते आणि महिनाभर देवाला दुकानातला गुलाब वाहतेय. (डेव्हन अॅव्हेन्यूला, म्हणजे इथल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, सगळं मिळतं, ढोकळ्याच्या पिठापासून प्रेशर कुकरच्या शिट्टीपर्यंत, जास्वंद नाही.) मी तिला सांगितलं की आमच्या शहरात सकाळी दाराच्या कडीला फुलपुडी येते. हे मी का सांगितलं मला माहीत नाही. ती म्हणाली, हाउ लव्हली. आता यावर काय बोलणार?

हे खरंय की आमच्या सोसायटीतसुद्धा पहाटे साडेपाचला लोक हातात पिशवी आणि आकडीची काठी घेऊन दुसऱ्यांच्या कंपाउंडमधली जास्वंद आणि तगर ओरबाडतात, आणि आईच त्यांच्यावर गॅलरीतून ओरडते. 'फुले तोडू नयेत. देवाला चोरीचे चालत नाही.' ही गेटवरची पाटी आईच्याच अक्षरात आहे. पण ते तोडणं झालं. पडलेलं उचलणं आणि तोडणं यात फरक आहे की नाही? उद्या ते कुणीतरी झाडून कचऱ्यातच टाकणार ना? रोगराई, किडे, प्रत्येकाने एकेक नेलं तर काय उरेल, हे सगळं मला कळतं हो, मी काही गावंढळ नाही. पण बासष्ट वर्षांच्या बाईच्या हातातलं पडलेलं फूल खाली ठेवायला लावायचं? हे सगळं मी ट्रेनमध्ये आईला ऐकवत होते, तावातावाने. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

रात्री तिने पूजा मांडली. तोच गुलाब. मी आपली अजून चालूच, "एक पडलेलं फूल गणपतीला वाहिलं असतं तर काय बिघडलं असतं त्यांचं?"

"पडलेलं चालत नाही देवाला," आई सवयीने म्हणून गेली. "फक्त प्राजक्ताचं चालतं."

मग दोघी गप्प.

"आई."

"अगं सतराअठरा फुलं होती त्या झाडाला. मी मोजली. वाहत होतं का कुणी ती?"

"आणि गेटवरची पाटी?"

"ती आपल्या सोसायटीसाठी आहे."

चंद्रोदय साडेनऊच्या आसपास होता, पण बाहेर नुसते ढग, मग मोबाईलवर दिशा बघून तिने पूर्वेच्या खिडकीकडे हात जोडले. वरणभातावर तूप घालून पहिला घास घेतला, आणि जरा वेळाने म्हणाली, "पण ती बाई चांगली होती गं. आपल्या सोसायटीत हवी होती अशी एक."