तुम्ही विचारलंत म्हणून: पॉइंट्स का सोडले?

"अगो, अकरा किलो उतरले होते, मग सोडलंस कशाला?" मालवणच्या बाजारात मासळी घेताना, लग्नात, एसटीत, सगळीकडे हेच. तर घ्या एकदाचं.

पहिलं म्हणजे वजन उतरवायचा हा पॉइंट्सचा हिशोब, प्रत्येक खाण्याला पॉइंट्स आणि दिवसाला ठरलेली मर्यादा, थोतांड नाही. वेट वॉचर्स या वजन उतरवून देणाऱ्या कंपनीने 1997 साली अमेरिकेत पॉइंट्स आणले तेव्हा हिशोब साधा होता, कॅलरी भागिले 50, त्यात फॅटचे ग्रॅम भागिले 12 मिळवायचे आणि फायबरचे थोडे वजा करायचे. पुढे साखर आणि सॅच्युरेटेड फॅटला जास्त पॉइंट्स बसायला लागले, प्रोटीनला सूट. माझं ऍप दुसरं होतं पण चाल तीच, दिवसाला 23 पॉइंट्स, मासे शून्य. शून्य! मी तर नाचलेच. पण आमच्याकडे नुसता बांगडा कोण खातं, खोबऱ्याचं वाटप असतंच की, आणि टोपात किती कवडी खोबरं पडलं ते आईला विचारलं तर म्हणे "अंदाजान". ऍपमध्ये अंदाजान टाकता येत नाही.

आणि मग ती चतुर्थी. नैवेद्य दाखवून झालेला, पानं वाढलेली, आणि मी आत किचनमध्ये डिजिटल काट्यावर मोदक ठेवतेय. खालचं हळदीचं पान आधी सोलून काढलं, त्याचं वजन धरलं जाऊ नये म्हणून. 58 ग्रॅम. "आई, तीन नारळांत मोदक किती झाले? गूळ किती?" ती पहाटे चारपासून उभी होती. काट्याकडे बघितलं, "एकेचाळीस" एवढंच म्हणाली आणि तुपाची वाटी घेऊन बाहेर गेली. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आकडा तरी नीट मिळाला. खरंच हेच वाटलं.

पुढच्या वर्षी तिने माझे पाच मोदक वेगळे केले. सारण चमचाभर, आत नुसती पोकळी, चावलं की उकडच. "ह्ये तुझे." मी खाल्ले पाचही.

तरी आईमुळे सोडलं असं म्हणणार नाही, कंटाळाही होता, आणि सहा किलो परत आलेत ते काय मोदकांनी नाही, संध्याकाळच्या फरसाणाने. काटा वाईट नव्हता हो. पुन्हा सुरू करेनही कदाचित.

सोडलंय हे आईला मात्र अजून सांगितलेलं नाही. यंदाही पाच पोकळ होतील बहुतेक.