मेक्सिकोत आंधळी कोशिंबीर, म्हणजे माझा केव्हर्न डायव्हिंगचा कोर्स

सकाळचे साडेनऊ, तुलुमजवळच्या एका सेनोतेचं, म्हणजे चुनखडीत खचून झालेल्या, पाण्याने भरलेल्या खड्ड्याचं पार्किंग, आणि मी, बेचाळीस वर्षांचा घोडा, डोळे गच्च मिटून झाडाझाडांना बांधलेल्या दोरीभोवती अंगठा आणि बोटाचं कडं करून एकेक पाऊल टाकत चाललोय. मागून माझ्या पार्टनरने, एका डच पोराने, माझा दंड धरलाय. त्याने पुढे ढकललं की चालायचं, दाबलं की थांबायचं, मागे ओढलं की मागे यायचं, बोलायचं अजिबात नाही. पाण्याखालच्या गुहेत काही दिसेनासं झालं तर दोरी धरून बाहेर यायची ही तालीम. शेजारी एक मेक्सिकन फॅमिली डबे-बिबे घेऊन पोहायला आलेली, त्यांची छोटी पोरगी खो खो हसत होती आणि मी मनात म्हणत होतो, ही तर आपली आंधळी कोशिंबीर, आणि यासाठी मी डॉलर मोजलेत.

मी डायव्हिंग शिकलो तारकर्लीला, मग नेत्राणीला दोन-तीनदा गेलो, आता नोकरीमुळे डॅलसला असतो आणि तिथून कानकुन जवळ पडतं. मागच्या वर्षी टुरिस्ट म्हणून गाइडच्या मागे मागे तुलुमजवळच्याच दोस ओहोस नावाच्या सेनोतेत एक डाइव्ह मारला होता. तिथे एका कपारीपाशी यमाचं चित्र असलेला बोर्ड आहे, काळा झगा, हातात कोयता, थांबा, इथून पुढे जाऊ नका. आमची गाइड शहाण्यासारखी वळली आणि मी मान वळवून त्या बोर्डच्या मागे जाणारी पिवळी दोरी बघत राहिलो. झालं, किडा शिरला.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "थायलंडला ती पोरं अडकली होती तसलंच ना? आणि ऑक्सिजन संपला तर?" म्हटलं, आई, ऑक्सिजन नसतो गं, साधी हवा असते. तेवढंच उत्तर माझ्याकडे होतं. २०१८ च्या त्या रेस्क्यूत पाणी उपसायच्या कामाला आपल्या किर्लोस्करची माणसं पण गेली होती हे सांगून विषय बदलला.

तर केव्हर्न आणि केव्हमध्ये फरक काय, तर केव्हर्न म्हणजे जिथून बाहेरचा उजेड दिसतो तेवढाच भाग. आमच्या कोर्समध्ये पाण्याच्या पृष्ठभागापासून सगळं मिळून ६० मीटर, त्यापुढे नाही. उजेड दिसेनासा झाला की ती केव्ह, तिचे कोर्स वेगळे. आणि या गुहा आपल्या अजिंठ्यासारख्या कुणी छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या नाहीत, युकातानचा सगळा चुनखडीचा दगड, पावसाचं पाणी जमिनीवर टिकतच नाही, खाली मुरतं आणि दगड विरघळवत नेतं. हिमयुगात समुद्र खाली गेला होता तेव्हा या गुहा कोरड्या होत्या, छतावरून ते झुंबरासारखे खांब तेव्हा लोंबायला लागले, मग समुद्र वर आला आणि सगळं बुडालं. २०१८ सालीच साक आक्तुन आणि दोस ओहोस या दोन गुहा आतून जोडलेल्या सापडल्या, तेव्हा एकूण लांबी ३४७ किलोमीटर भरली. मुंबई-पुणे जाऊन येऊन वर उरतं.

पहिल्या दिवशी मला वाटत होतं की मला डायव्हिंग येतं. इन्स्ट्रक्टरने माझा व्हिडिओ काढून दाखवला. मी पाण्यात सायकल चालवत होतो. फिन्सचा एक फटका खालच्या गाळाला लागला की गिरणीत कुणी पिठाचं पोतं झटकावं तसं सगळं पांढरं, आणि ते खाली बसायला किती वेळ लागेल याचा नेम नाही. त्यामुळे बेडकासारखी किक, गुडघे वाकलेले, अंग आडवं, आणि एका जागी नुसतं तरंगत राहायचं. चार तास गुहेच्या तोंडाशी उघड्या पाण्यात हेच. नुसतं न हलणं इतकं अवघड असतं हे मला माहीतच नव्हतं.

नियम फार नाहीत. ट्रेनिंग, बाहेरपर्यंत सलग दोरी, खोलीची मर्यादा, हवा, तीन टॉर्च. अमेरिकेच्या शेक एक्सली या केव्ह डायव्हरने लोक गुहेत कसे मेले ते एकेक अपघात तपासून सत्तरच्या दशकात यातले मूळ नियम मांडले, आणि तो स्वतः १९९४ ला मेक्सिकोतच, साकातोनच्या खड्ड्यात खोलीचा विक्रम करायला उतरला तो जिवंत वर आला नाही. हवेचं गणित असं की सिलिंडरचे तीन भाग, एक जायला, एक यायला, तिसरा जोडीदाराचा. माझ्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा असेल तर ६५ च्या आसपास वापरले की वळायचं, समोर कितीही भारी दिसत असलं तरी.

दुसऱ्या दिवशी कारवॉश नावाच्या सेनोतेला गेलो, कोबा रोडवर, पूर्वी टॅक्सीवाले इथे गाड्या धुवायचे म्हणून हे नाव. वर कमळाची पानं, खाली स्वच्छ पाणी, आणि दोरी गुंडाळलेली रील पहिल्यांदा माझ्या हातात. पहिली गाठ बाहेर उघड्या पाण्यात, दुसरी जरा आत, दोन वेढे घ्यायचे, दोरी ताणलेली ठेवायची. मी वळून पार्टनर येतोय का बघितलं, तेवढ्यात रील सैल सुटली आणि दोरीचा असा गुंता झाला की बस, संक्रांतीला मांजा गुंततो ना, तसा. आणि गुंता सोडवताना आपण हळूहळू वर जातोय हे डोकं छताला आपटल्यावर कळलं.

पोंदेरोसा या पुढच्या सेनोतेला मात्र पैसे वसूल. साधारण दहा-बारा मीटरवर वरचं गोडं पाणी आणि खालचं खारं पाणी भेटतं, तिथे सगळं धूसर, सरबतात साखर विरघळताना तळाशी रेघा हलतात ना, तसं, फक्त त्या सरबतात आपण. खाली उतरलो की परत लख्ख, आणि खालचं पाणी जरा कोमट. त्यातच हवा संपल्याची ड्रिल, पार्टनरच्या लांब पाइपवर मी, डोळे मिटून, दोरीला कडं, मागून दंडावर हात. पार्किंगमधली पोरगी आठवली आणि रेग्युलेटर तोंडात असताना हसू आलं, जे करू नये.

शेवटचा डाइव्ह परत दोस ओहोसला. मी पुढे, रील माझ्याकडे, बाराव्या मिनिटाला सगळं बरोबर होतं, हवा, टॉर्च, दोरी, मागे निळा उजेड पण दिसत होता. पण मन लागेना. कारण काही नव्हतं. दोन मिनिटं स्वतःशी भांडलो, इतक्या लांब आलोय, यांचाही डाइव्ह वाया जाईल, वगैरे, आणि मग अंगठा वर केला, डायव्हिंगमध्ये त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'डाइव्ह संपला, बाहेर चला'. इन्स्ट्रक्टरने लगेच अंगठा दाखवला, डच पोराने पण दाखवला, आणि आम्ही वळलो, मी हळूहळू दोरी गुंडाळत.

वर आल्यावर कुणी काही विचारेना, मलाच राहवेना, मी सांगायला लागलो की ॲक्च्युअली तसं काही झालं नव्हतं, पण. इन्स्ट्रक्टरने मला तिथेच थांबवलं, म्हणाला कारण सांगायची पद्धत नाही इथे, ती रील आधी सोडून वाळत टाक, ओली राहिली की वास मारते.