जुने द्रवनत्र पात्र घेताना: पारख वजनकाट्यावर

कृत्रिम रेतनासाठी द्रवनत्राची, म्हणजे अतिथंड द्रवरूप नायट्रोजनची, दोन पात्रे लागतात. गोठित रेतमात्रा घरी साठवायला एक मोठे, आणि मोटारसायकलवरून गोठ्यापर्यंत न्यायला तीन लिटरचे. लहान पात्र मी नवेच घेतले आणि घेताना वाहतुकीसाठी बनवलेलेच मागितले. साठवणुकीच्या पात्रातले आतले भांडे नुसते मानेला लटकलेले असते, खड्ड्यांचे हादरे ती मान सोसत नाही. वीस लिटरचे पात्र मात्र एका जागी उभे राहणार होते, म्हणून ते जुने घ्यायचे ठरवले.

जुन्या पात्रात आपण पैसे मोजतो ते निर्वाताचे. ॲल्युमिनियमची दोन भांडी एकात एक, मधली हवा काढून घेतलेली आणि त्या पोकळीत चकचकीत पन्नीचे थर. निर्वात गेला की उरते नुसते भांडे. बाहेरचा पोचा पाहून लोक नाके मुरडतात, पण उथळ पोचा चालतो. मानेच्या फायबरग्लासला बारीक चीर असेल तर काहीच चालत नाही. टॉर्च आत सोडून गोल फिरवत पात्राची मान बघा. हवा काढण्याच्या तोंडावरचे झाकण मूळचे आहे का, कोणी उचकटलेले नाही ना, हेही पाहा. मान साधारण ५० मिलिमीटरची घ्या. रुंद तोंडाच्या पात्रातून नत्र जास्त उडते.

खरी परीक्षा भरल्यावरच होते, म्हणून चाचणी झाल्यावर पैसे, हे विकणाऱ्याशी आधीच ठरवा. गरम पात्रात एकदम ओतू नका. लिटरभर ओतून अर्धा तास थांबा, उसळी शांत झाली की पुढचे ओता. पहिल्या दिवशीचे वजन धरू नका, कारण आतले थर थंड होईपर्यंत नत्र भराभर उडते. मी ४८ तास थांबलो आणि मग बूच लावलेले पात्र रोज एकाच वेळी, १० ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तीन दिवस तोलले. द्रवनत्राचा एक लिटर ८०८ ग्रॅम भरतो, म्हणजे रोजची घट ग्रॅममध्ये घेऊन ८०८ ने भागायची.

तीन पात्रे तपासली. पहिल्याच्या खांद्यावर तीन तासांत दव आणि मग पांढरे हिव धरले. तिथे तोलायचीही गरज नव्हती. दुसरे बाहेरून कोरडे ठणठणीत, पण रोज ४८० ग्रॅम घट, म्हणजे जवळपास ०.६ लिटर, महिन्याला १८ लिटर नत्र हवेत. किंमत सर्वांत कमी त्याचीच होती, आणि नुसते डोळ्यांनी पाहिले असते तर तेच घेतले असते. तिसऱ्याची घट ११० ग्रॅम, म्हणजे ०.१४ लिटरच्या आत. महिन्याला चार लिटर. दोन्ही आकडे आपल्याकडच्या नत्राच्या दराने गुणले की स्वस्त कोणते ते कळते. मी तिसरे घेतले. कागदावर ते १४० दिवस टिकायला हवे, पण रोज उघडझाक असल्याने मी त्याच्या निम्मेच धरतो.

पातळी १५ सेंटिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. कांडी, म्हणजे रेतमात्रा भरलेली बारीक नळी, साधारण १३ सेंटिमीटरची असते आणि ती पूर्ण बुडालेली हवी. मोजायला भरीव लाकडी पट्टी तळाला टेकवून दहा सेकंद धरायची, बाहेर काढून हवेत हलवायची, हिव धरते तिथपर्यंत नत्र. पोकळ नळी कधीच घालू नका, तिच्यातून नत्र कारंज्यासारखे तोंडावर उडते. कॅनिस्टर, म्हणजे कांड्या ठेवायचा दांड्याचा डबा, मानेच्या आतच ठेवून चिमट्याने कांडी उचला, पाच-सात सेकंदांत जमले नाही तर तो परत खाली सोडा. उणे १३० अंशांच्या वर गेलेल्या कांडीत बर्फाचे कण पुन्हा वाढतात आणि शुक्राणू मरतात. कांडी परत बुडवली तरी ते नुकसान भरून येत नाही. ती दिसते तशीच, फक्त गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि शेतकऱ्याचे २१ दिवस वाया जातात.

खर्च वाचवायला कोणी फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा थर्मास सुचवला तर ऐकू नका. एका लिटरचा सुमारे ६९० लिटर वायू होतो, वाट बंद केली की भांडे फुटते. पात्राचे मूळ बूच सैल असते ते त्यासाठीच. त्यावर चिंधी, मेण, चिकटपट्टी काही लावायचे नाही. बूच झिजले असेल तर त्याच मापाचे नवे घ्या.

जागेचाही हिशेब करा. दहा फुटी खोलीत दहा लिटर सांडले तर प्राणवायू २१ वरून १६ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि १९.५ च्या खालीच धोका सुरू होतो. नत्राला वास नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही, माणूस सरळ कोसळतो. म्हणून पात्र झोपायच्या खोलीत नको, जमिनीलगत झरोका असलेल्या पडवीत ठेवा. गाडीतून आणताना काचा उघड्या आणि पात्र उभे बांधलेले. ओतताना चष्मा आणि पटकन झटकता येतील असे सैल चामडी हातमोजे घाला. सुती मोजे नत्र शोषून कातडीला चिकटवतात. पॅन्टचे पाय बुटाच्या बाहेर ठेवा.