डिलीट

शनिवारी आमच्या शाळेतले सर कार्यमुक्त झाले. नारळ, शाल, पोरांनी हाताने काढलेली ग्रीटिंगं सगळं झालं, आणि मग गाडीला किक मारायच्या आधी सरांनी फोन काढून माझ्यासमोर एकेक ॲप डिलीट केलं. हजेरीचं, पोषण आहाराचं, ट्रेनिंगचं. खुर्र करून थरथरायचं आयकॉन आणि गायब. मी हसले. पण कालपासून तेच डोळ्यासमोर येतंय.

सर तलाठी झाले याचं काही वाटलं नव्हतं मला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे). पेढे मीच वाटले. १६ हजारावर तीन वर्षं शिक्षण सेवक (कायम होण्याआधीचा शिक्षक) म्हणून काढायची, त्यात रूमचं भाडं, पेट्रोल, घरी पैसे पाठवायचे, कोण थांबेल? मी २००७ ला ३ हजारावर लागले तेव्हा वडील म्हणाले होते की... जाऊदे ते.

मग जळतंय कशाचं? नोकरीचं नाही. त्या डिलीट करण्याचंच.

मी का थांबले हे कुणी विचारलं की मी पोरांचं नाव पुढे करते. खरं असेल पण पूर्ण नाही. पेन्शन म्हणावं तर मी २००५ च्या नोव्हेंबरनंतरची, जुनी पेन्शन मला नाहीच. हप्ते आहेत घराचे. आणि वय ४२, आता कोण घेणार मला? त्यात नोकरीतल्यांनीही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायलाच हवी असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यापासून ती डोक्यावर. रिटायरमेंटला पाच वर्षांच्या आत असणारे सुटले, माझी १६ बाकी. रात्री मुलगी दहावीचं गणित करते आणि मी समोर बसून बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवते, ज्यातला एकही प्रश्न आमच्या दुसरीतल्या त्या पोराबद्दल नाही जो जोडाक्षर आलं की दप्तरात तोंड घालतो. गुरुवारी त्याने 'पुस्तक' वाचलं. एका दमात. सर तेव्हा चार्ज द्यायच्या सामानाची यादी करत होते, त्यांना हाक मारणार होते पण नाही मारली.

म्हणजे बघा, परत पोरच पुढे केलं मी.

आता नवीन माणूस येईपर्यंत पहिली ते चौथी मी एकटी, पट २७. केंद्रप्रमुख म्हणाले, ॲडजस्ट करा मॅडम.

आज दुपारी मात्र हसू आलं. सरांना तिकडे ई-पीक पाहणी आहे, म्हणजे पिकांच्या नोंदीचं ॲपच, सुटले कुठले! आणि दुसरं म्हणजे पोषण आहाराचं लॉगिन माझ्या फोनमध्ये टाकायला गेले तर ओटीपी सरांच्याच नंबरवर. नंबर बदलायला तालुक्याला अर्ज करावा लागतो, त्याला किती दिवस लागतात ते सगळ्यांना माहितीये. म्हणजे उद्यापासून खिचडी झाली की सरांना फोन. मेसेज टाकून ठेवलाय. "साडेबाराच्या सुमारास मोबाईल जवळ ठेवा."

सरांनी नुसता अंगठा पाठवला.