मोगऱ्याचं पाणी तोडलं तेव्हा

पौष लागला की मी गच्चीवरच्या मोगऱ्याचं पाणी तोडते. पाहुण्यांना हा छळ वाटतो. शेजारच्या कुंड्या भिजलेल्या आणि हा बिचारा पानं गाळत उभा! पण बागाईतदार याला ताण देणं म्हणतात. विदर्भात संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा फुलोरा, धरायलाही असंच पाणी तोडतात. पाणी चालू ठेवलं तर झाड नुसती पालवी काढत बसतं. ताण संपला की छाटणी, शेणखत, मग पोटभर पाणी, फाल्गुन-चैत्रात कळ्या.

या रविवारी छाटणी काढली. कात्री हातात आली की थोर विचार वगैरे सुचतात, असं काही नाही. फांदीवर बाहेरच्या अंगाचा डोळा, म्हणजे नवा कोंब फुटायची जागा, शोधायचा, त्याच्या जरा वर तिरका काप घ्यायचा, वाळकी काडी मुळापासून काढायची. सोमवारच्या मीटिंगला तिथं शिरायला फटच राहत नाही.

मग कंपोस्टचा ड्रम. घरात भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा उदंड. सुका पाला कमी पडला की ड्रम आंबतो आणि आख्खा मजला नाक मुरडतो. कोल्हापूरकडच्या श्री. अ. दाभोलकरांनी पालापाचोळ्यावर गच्चीत भाजी पिकवायचा नाद कितीतरी जणांना लावला. ते गणिताचे प्राध्यापक, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. ओल्या-सुक्याचा हिशेबच तर आहे सगळा.

सुक्याची बाजू आमच्या झाडलोटीच्या मावशी सांभाळतात. या दिवसांत कोपऱ्यावरचा देशी बदाम तांबडालाल होऊन पानं ढाळतो. पूर्वी ती जाळली जायची, डोळे चुरचुरायचे. आता मावशी पोतं भरून जिन्यात ठेवतात. "कचरा मागून नेणारं तुमचं एकच घर बघा, ताई," असं वर ऐकवतातही. बदामाचं पान चिवट, लवकर कुजत नाही, म्हणून आधी पोत्यावर नाचून त्याचा चुरा करावा लागतो. (हा व्यायाम मी कुणाच्या देखत करत नाही.)

माझ्या बागेतली निम्मी माती त्यांच्या झाडूखालून आली आहे. हे त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग कढीपत्ता द्या की!" दिला. जाताना छाटलेल्या मोगऱ्याच्या दोन काड्याही उचलल्या.

"मावशी, पावसाळ्यात न्या, तेव्हा पटकन लागतात."

"तोवर कोण थांबतंय? लागली तर लागली."