निर्बंध आलेल्या बँकेतून विम्याचे पाच लाख काढताना

पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो हे बहुतेकांना माहीत असतं. ते पैसे कोण देतं, केव्हा देतं आणि हिशेब कसा धरतं, हे मात्र बँकेच्या शटरवर रिझर्व्ह बँकेचा आदेश चिकटल्यावरच माणूस शोधायला लागतो. आमच्या नागरी सहकारी बँकेवर निर्बंध आल्यावर घरातल्या आणि सोसायटीतल्या खात्यांचे कागद माझ्याकडे आले. त्यातून कळलेलं इथे देतो.

पहिल्या दिवशी बँकेपुढच्या रांगेत उभं राहून काही हाती लागत नाही. आदेशात ठरवलेल्या मर्यादेच्या वर शाखाधिकारी एक रुपया देऊ शकत नाही, आणि कधी कधी ती मर्यादा शून्यही असते. १३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला काहीच काढता येत नव्हतं. पंचवीस हजारांची मुभा नंतर मिळाली. त्या दिवशी करायचं काम वेगळं आहे: या खात्यात येणारे पैसे थांबवणे. पगार, पेन्शन, भाडं, लाभांश जिथून येतो तिथे लगेच दुसरा खाते क्रमांक द्यावा, नाहीतर नवा पैसाही जुन्यासोबत अडकतो. या खात्यातून जाणारे गृहकर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते, एसआयपी परत फिरतात आणि दंड पडतो. तेही दुसरीकडे वळवावेत.

मग विम्याकडे वळायचं. ठेव विमा आणि पतहमी महामंडळ ही रिझर्व्ह बँकेची उपकंपनी. दर शंभर रुपयांमागे वर्षाला १२ पैसे हा हप्त्याचा दर २०२० पासून काही वर्षं होता, आणि हप्ता बँकच भरते, ठेवीदाराकडून तो घेता येत नाही. ही व्यवस्था १९६२ साली आली ती १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर. तेव्हा संरक्षण दीड हजारांचं होतं. १९९३ पासून एक लाख, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख.

पूर्वी हा पैसा बँकेचा परवाना रद्द झाल्यावरच सुटायचा. रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि परवाना गेला २०२२ मध्ये. ठेवीदाराने मधल्या काळात काय करायचं, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. पीएमसीच्या (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या) ठेवीदारांनी आरडाओरडा केला नसता तर आजही नसतं, असं माझं मत. १ सप्टेंबर २०२१ पासून ठेव विम्याच्या कायद्यात कलम १८ अ लागू झालं. पैसे काढण्यावर निर्बंध आल्यापासून ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी महामंडळाला द्यायची, ३० दिवसांत महामंडळाने ती तपासायची, आणि पुढच्या १५ दिवसांत पैसे द्यायचे. एकूण ९० दिवस. बँकेच्या विलीनीकरणाची बोलणी चालू असतील तर ही मुदत आणखी ९० दिवस वाढू शकते.

या ४५ दिवसांतच सगळं आहे. पैसे आपोआप येत नाहीत. ठेवीदाराने संमतीपत्र भरून द्यावं लागतं. आमच्या बँकेत त्यासोबत पॅन, आधार, फोटो आणि दुसऱ्या बँकेतल्या स्वतःच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश मागितला. अर्ज फुकट असतो. महामंडळ ठेवीदाराशी थेट व्यवहार करत नाही, सगळं बँकेमार्फत जातं. त्यामुळे ‘वरून लवकर काढून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.

सगळ्यात जास्त घोळ बेरजेत होतो. पाच लाख प्रत्येक पावतीला नसतात, प्रत्येक शाखेलाही नसतात. एका बँकेत, एकाच हक्काने आणि एकाच नात्याने ठेवलेलं सगळं एकत्र धरतात, व्याजासह. समजा एका शाखेत माझ्या एकट्याच्या नावावर साडेतीन लाखांची मुदत ठेव, दुसऱ्या शाखेत १ लाख ८० हजारांची, बचत खात्यात ६२ हजार आणि जमा झालेलं व्याज १४ हजार. बेरीज ६ लाख ६ हजार. मिळणार पाच लाख. माझं एकमालकी दुकान असेल तर त्याचं चालू खातंही याच बेरजेत येतं. पण बायकोसोबतच्या संयुक्त ठेवीला स्वतंत्र पाच लाख. त्यातही ‘मी आणि बायको’ आणि ‘बायको आणि मी’ असा नावांचा क्रम उलटा असेल तर त्या दोन वेगळ्या गणल्या जातात. अज्ञान (अल्पवयीन) मुलाचा पालक म्हणून ठेवलेलं वेगळं, भागीदारी संस्थेचं वेगळं. गृहनिर्माण सोसायटी मात्र एकच ठेवीदार: सभासद साठ असोत की सहाशे, दुरुस्ती निधीला संरक्षण पाच लाखांचंच. कमिटीच्या लोकांना हे पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

कर्ज असेल तर बँक ते ठेवीतून वळतं करू शकते, आणि विमा उरलेल्या रकमेवर लागतो.

अर्ज परत येण्याचं मुख्य कारण नाव. जुनी पावती ‘व्ही. जी.’ अशा आद्याक्षरांची, पॅनवर पूर्ण नाव, आणि बँकेच्या संगणकात त्याच माणसाचे दोन ग्राहक क्रमांक, एकाला पॅन जोडलेला, दुसऱ्याला नाही. अशी खाती तपासणीत अडकतात. पासबुकाच्या पहिल्या पानावर ग्राहक क्रमांक छापलेला असतो. घरातली सगळी पासबुकं शेजारी शेजारी ठेवून तो ताडून पाहावा, आणि दोन निघाले तर एकत्र करण्याचा अर्ज संमतीपत्राबरोबरच द्यावा. दुसरं कारण सही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या नमुना सहीशी आजची थरथरती सही जुळत नाही. नवी सही नोंदवून घ्यावी. तिसरं, संयुक्त ठेवीवर एकाचीच सही. ठेवीदार वारला असेल तर आधी बँकेत वारसाची किंवा नामनिर्देशिताची नोंद पूर्ण करावी लागते, आणि त्यात हे ४५ दिवस सहज निघून जातात. मृत्यूचा दाखला पहिल्याच आठवड्यात द्यावा.

परवानाच रद्द झाला तर वाट बदलते. सहकार खात्याने नेमलेला अवसायक (बँकेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी) तीन महिन्यांत यादी देतो आणि ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत महामंडळ पैसे देतं.

पाच लाखांच्या वरच्या रकमेला मुदत नाही. विलीनीकरण झालं तर त्या योजनेत लिहिलं असेल तसं. सारस्वत बँकेत गेलेल्या न्यू इंडियाचे ठेवीदार सुटले, तर युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेलेल्या पीएमसीच्या मोठ्या ठेवीदारांना टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंतची वाट लिहून मिळाली. अवसायनात तर वसुली होईल तसं. म्हणून विम्याची रक्कम घेताना मूळ पावती सोडून देऊ नये. मागत असतील तर तिच्यावर ‘इतकी रक्कम अदा, इतकी बाकी’ असा शेरा मारून घ्यावा, किंवा बाकी रकमेचं पत्र घेऊन मगच ती द्यावी. आणि पतसंस्थेतल्या ठेवींना यातलं काहीच लागू नाही, त्या या विम्याखाली येतच नाहीत.