हनुवटीवरचे तीन ठिपके

दादा दुकानात आले तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. गाव पन्हाळ्याच्या बाजूचं, हातात कापडी पिशवी. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "ही आमची आई. रंगात काढल्यागत करून पायजे, ताई. सोळा बाय वीस. शुक्रवारी वर्षश्राद्ध हाय."

त्या दिवशी मंगळवार होता.

फोटो भाच्याच्या लग्नातला, तीसेक माणसांचा. म्हातारी दुसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर, खांद्यावर कुणाचा तरी हात, आणि फ्लॅश थेट तोंडावर. ज्या फोनवर तो काढला तो केव्हाच भंगारात गेलेला, आणि ही प्रत व्हॉट्सअॅपवरून चार जणांकडून फिरून आलेली. दुसरा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. त्यात ती ओळखूच येत नव्हती.

मी तिच्याभोवतीचा तुकडा कापला. जेमतेम ४०० बाय ५०० पिक्सेल. कॅनव्हासवर सोळा बाय वीस इंच छापायचं तर इंचाला १५० पिक्सेल तरी लागतात, म्हणजे २४०० बाय ३०००. सहापट मोठं करायचं. सहापट ताणलेला चेहरा मेणाचा दिसतो, आणि असा फोटो भिंतीवर लावला की घरच्यांनाच त्याच्याकडं बघवत नाही. तैलचित्रासारखं काम मागायला येणाऱ्यांतले निम्मे लोक याच कारणानं येतात. फोटोत जे नाही ते कुंचल्याच्या फटकाऱ्यात निभावून जातं.

दादांना मी सांगितलं, संध्याकाळी या, पडद्यावर दाखवते.

हे दुकान माझ्या वडिलांचं. पापाची तिकटीच्या मागच्या गल्लीत ते फोटो फिनिशिंग करायचे. ब्रोमाइड कागदावरच्या काळ्यापांढऱ्या फोटोला रंग भरायचे, निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करायचे. कोल्हापुरात हे काम करणं सोपं नव्हतं. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात गिऱ्हाइकाला चित्र म्हणजे काय ते कळतं. गालावर नुसता गुलाबी बोळा फिरवलेला त्याला चालत नाही. वडील म्हणायचे, कान दाबायचा, डोळा उघडायचा. म्हणजे चेहऱ्याच्या कडेचं सगळं मऊ करत सावलीत न्यायचं आणि नजर जिथं जायला हवी तिथंच धार ठेवायची. संगणकावर बसले तेव्हा मला वाटलं होतं की हे आता मागं पडलं. पडलेलं नाही.

फोटोशॉपमध्ये ऑइल पेंट नावाचा फिल्टर २०१२ च्या आवृत्तीत आला. २०१४ च्या आवृत्तीतून तो काढून टाकला तेव्हा त्याच्यासाठी मी जुनी आवृत्ती मशीनवर तशीच ठेवली होती. पुढच्या वर्षाच्या शेवटी तो परत आला. फटकारे किती लांब, किती मोठे, दाते किती उठून दिसावेत, उजेड कुठल्या बाजूनं, एवढं ठरवलं की मिनिटभरात काम होतं. एक पथ्य तेवढं पाळावं लागतं. फोटो आधी मोठा करायचा आणि मग फिल्टर लावायचा, कारण तो पिक्सेल मोजून चालतो. लहान फोटोवर लावून नंतर मोठा केला तर फटकारेही ताणले जातात.

मी तसंच केलं, तरी पदरावर विचित्र आडव्याउभ्या रेघा उठल्या. जेपीईजी फाइल चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून ते दाबते. इतक्या वेळा दाबलेल्या फोटोत चौकोनांच्या कडा शिल्लक राहतात, आणि सहापट केल्यावर तो प्रत्येक चौकोन ४८ पिक्सेलचा होतो. फिल्टर कडा बघून फटकारा ओढतो. त्याला पदराची चुणी आणि चौकोनाची कड सारखीच. मग आधी त्या कडा मऊ केल्या, वर अगदी थोडा दाणा टाकला आणि पुन्हा फिल्टर लावला. आता पदर पदरासारखा वाहायला लागला. खांद्यावरचा परका हात काढला, मागची माणसं काढून तपकिरी पार्श्वभूमी दिली. चेहरा शांत, गोल, मऊ दिसत होता. मला काम आवडलं होतं, हे मी सांगायला हवं.

संध्याकाळी दादा आले. खुर्ची पुढं ओढून बराच वेळ बघत राहिले.

"आईच हाय," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पर गोंदण कुठं गेलं?"

मला समजेना. त्यांनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "हितं. तीन ठिपकं हुतं."

मी मूळ फोटो उघडून हनुवटी मोठी केली. होते. किंचित करडे, प्रत्येक दोनेक पिक्सेलचा. सकाळी मला ती फोटोतली घाण वाटली असती, आणि फिल्टरला तर तसंच वाटलं होतं.

असं का होतं ते दादांना सांगण्यासारखं नव्हतं, इथं सांगते. रंगवल्यासारखा परिणाम देणाऱ्या पद्धतींमध्ये कुवाहारा नावाची एक जुनी पद्धत आहे. १९७६ मध्ये जपानमध्ये ती हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करण्यासाठी मांडली गेली. प्रत्येक पिक्सेलभोवतीचे चार छोटे चौकोन घ्यायचे, त्यांतला ज्याच्यात रंगाचा फरक सगळ्यात कमी तो निवडायचा आणि त्याची सरासरी त्या पिक्सेलला द्यायची. त्यामुळं मोठ्या कडा टिकतात, मधला भाग सपाट होतो, आणि डोळ्याला ते रंगाच्या थरासारखं दिसतं. पण एकटा ठिपका कुठल्याच चौकोनात जिंकत नाही. आजूबाजूची साफ कातडी दर वेळी जिंकते. ऑइल पेंटचं गणित याहून वेगळं असलं तरी बारक्या ठिपक्याचं त्याच्या हातूनही हेच होतं. काढलेला तपशील महत्त्वाचा होता की कचरा, हे त्याला कोण सांगणार? ते मी बघायला हवं होतं.

"ठिपके नक्की कुठं होते? ओळीत, की त्रिकोणात?" मी विचारलं.

दादांना सांगता येईना. जन्मभर बघितलेली हनुवटी. पण विचारल्यावर बोट एकदा इकडं, एकदा तिकडं. शेवटी म्हणाले, "उद्या मावशीला आणतो. दोघींनी एकदमच गोंदून घेतलं हुतं."

बुधवारी सकाळी मावशी आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, काठी टेकत, दुकानाची पायरी चढताना दादांचा हातसुद्धा न घेता. त्यांच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. जोतिबाच्या चैत्री यात्रेला वाडी रत्नागिरीला गेलेल्या असताना गोंदणारीण बसली होती, आधी आक्काचं झालं आणि मग त्यांचं, असं त्यांनी सांगितलं. "आक्का रडली न्हाई. म्या लई वरडले."

मी त्यांना दाराशी बसवलं आणि हनुवटीचा जवळून फोटो घेतला. गोंदणाचा रंग काळा नसतो. कातडीखालची काजळी वरून हिरवट निळसर दिसते, आणि इतक्या वर्षांत तिच्या कडा पसरून विरलेल्या असतात. काळा ठिपका दिला असता तर तो पेनानं काढल्यासारखा वर बसला असता.

मग फिल्टरचा थर खाली मंद करून ठेवला आणि चेहरा हातानं रंगवायला घेतला. मिक्सर ब्रश फोटोशॉपमध्ये २०१० पासून आहे. कॅनव्हासवरचा ओला रंग उचलून तो पुढं ओढत नेतो. वर रिकामा थर घेऊन खालचे सगळे थर त्याला वाचू द्यायचे, म्हणजे खालचं चित्र शाबूत राहतं. कपाळावर आडवे फटकारे, गालावर गोलाईनं, नाकावर वरून खाली, केसांवर केसांच्या दिशेनं. सुरुवात मोठ्या ब्रशनं, आणि हात शिवशिवला तरी लहान ब्रश शेवटपर्यंत घ्यायचा नाही. खरी अडचण फ्लॅशची होती. समोरून आलेल्या उजेडानं चेहऱ्याला सावलीच ठेवली नव्हती, आणि सावलीशिवाय चित्र उभं राहत नाही.

"आक्का घरात कुठं बसायच्या?" मी मावशींना विचारलं.

"सोप्यात. दाराच्या कडंला. तांदूळ निवडत."

"दार कुठल्या अंगाला?"

त्यांनी डावा हात वर केला. मी करड्या रंगाचा एक थर सॉफ्ट लाइटवर टाकला, म्हणजे तो थर उजळ केला की खालचं चित्र उजळतं आणि गडद केला की दबतं, आणि चेहऱ्याची आपल्या डाव्या हाताची बाजू उजळत, उजवी हळूहळू दाबत नेली. उजवा कान जवळजवळ पार्श्वभूमीत विरघळवला. वडिलांचं वाक्य हातात आपोआप आलं. मावशी मागं बसून बघत होत्या आणि एकदाच मधे बोलल्या: "डोळा तिचा एवढा मोठा नव्हता." मी पापणी खाली आणली, आणि त्या एका बदलानं माझ्या ओळखीची नसलेली बाई अचानक कुणीतरी झाली.

सगळ्यात शेवटी गोंदण. बारा पिक्सेलचा ब्रश, म्हणजे छापल्यावर साधारण दोन मिलिमीटर. मावशींच्या फोटोतून उचललेला रंग, त्यात आक्काच्या हनुवटीचा रंग थोडा मिसळून. तीन ठिपके एका ओळीत ठेवले.

"तिसरा जरा खाली घे, पोरी," मावशी म्हणाल्या. "माझं सरळ हायती. तिचा तिसरा घसरला हुता. मीच तिला मागनं धरली हुती, माझा हात हलला."

दादांना ही गोष्ट माहीत नव्हती. ते मावशींकडं बघत राहिले. मी तिसरा ठिपका खाली सरकवला, किंचित उजवीकडं नेला, आणि त्या "हां" म्हणेपर्यंत सरकवत राहिले.

पुढचं काम रोजचं. चौकटीवर वळवण्यासाठी चारी बाजूंनी दीड इंच पार्श्वभूमी वाढवली. कॅनव्हासवर गडद भाग आणखी गडद उतरतात म्हणून सावल्या थोड्या उचलल्या, हनुवटीपुरती पट्टी आधी छापून बघितली. ठिपके दिसत होते, पण शोधल्यावर. तसेच हवे होते.

गुरुवारी दुपारी दादा फ्रेम न्यायला आले, तेव्हा मावशीही बरोबर होत्या. फ्रेम कागदात गुंडाळून झाली, पैसे झाले, दादा रिक्षा बघायला बाहेर गेले. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, काठी भिंतीला लावली आणि कालच्याच खुर्चीकडं बोट दाखवलं.

"माझा बी काढून ठेव आत्ताच. ह्या दाराच्या उजेडात. नंतर ह्यांनी लग्नातला हुडकाय नको."

मी मोठी लेन्स लावली, कॅमेरा रॉवर, म्हणजे फोटो न दाबता सगळा तपशील ठेवणाऱ्या सेटिंगवर ठेवला आणि खुर्ची अर्धा हात दाराच्या बाजूला ओढली.